काना-मात्रा हे विरामचिन्ह नव्हे

परप्रांती नोकरी करणाऱ्या मराठी माणसाने आपल्या नावाची ओढाताण मुकाट्याने सोसावी, असा जणू अलिखित नियमच होऊन बसला आहे. टिळकांचे तिलक झाले, काळ्यांचे काले झाले, आणि आपण हसून ते सोडून दिले. 'ळ' हा वर्ण उत्तरेकडील जिभेला जड जातो, त्यात कोणाचा दुष्ट हेतू नाही, अशी आपण मनाची समजूत घातली. आणि ती बव्हंशी खरीही होती. परंतु माणसाच्या जिभेला दिलेली ही सवलत आता आपण यंत्रालाही देऊ लागलो आहोत, आणि येथे मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. यंत्राला जीभ नसते. त्याला एखादा वर्ण जड जातो तो, तसा जड जावा अशी आज्ञा कोणीतरी लिहून ठेवलेली असते म्हणून. जी आज्ञा लिहिली गेली ती दुरुस्तही करता येते. आणि जी दुरुस्त करता येते ती दुरुस्त न करणे हा निव्वळ हलगर्जीपणा होय.

ज्या आज्ञेविषयी आम्ही बोलत आहोत ती आज प्रत्येक कार्यालयात दिवसातून दहा वेळा दिली जाते. तिचे नाव 'शोधा आणि बदला'. हजार पृष्ठांच्या मजकुरात एक शब्द जेथे जेथे असेल तेथे तेथे दुसरा घालावयाचा, हे तिचे साधे रूप. तिचे प्रगत रूप म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. आपण त्यास येथे 'शोधसूत्र' म्हणू. शोधसूत्रात एकच शब्द देण्याऐवजी शब्दाचा साचा देता येतो: अमुक अक्षरानंतर कोणताही अंक, ओळीच्या आरंभी असलेली रिकामी जागा, इत्यादी. या कल्पनेचा उगम गणितात आहे. मज्जातंतूंच्या जाळ्याचे गणिती वर्णन करताना स्टीफन क्लीनी यांनी ती मांडली आणि १९५६ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. केन टॉम्पसन यांनी १९६८ साली ती मजकूर शोधण्याच्या कामी कशी लावावी हे दाखवून दिले. पुढे तिच्यावाचून संगणकाचे पान हलेनासे झाले. एवढे समर्थ हत्यार आपल्या हाती आले, याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हे हत्यार मराठी मजकुरावर डोळे मिटून चालविणाऱ्यांविरुद्ध.

प्रथम एका टिंबाची गोष्ट घेऊ. शोधसूत्रात काही चिन्हांना विशेष अधिकार दिलेले असतात. टिंब, तारा, अधिक, प्रश्नचिन्ह, कंस, डॉलर, उभी रेघ ही त्यांतील मानकरी मंडळी. टिंबाचा अर्थ तेथे पूर्णविराम नव्हे. 'येथे कोणतेही एक चिन्ह चालेल' असा आहे. आता समजा, एखाद्या कार्यालयाने ठरविले की यादीतील 'सौ.' जाऊन सर्वत्र 'श्रीमती' यावे. हेतू चांगला आहे. लेखनिक शोधण्याच्या जागी 'सौ.' लिहितो, बदलीच्या जागी 'श्रीमती' लिहितो, आणि कळ दाबतो. 'सौ. कमल' यांच्या 'श्रीमती कमल' झाल्या, हे पाहून तो समाधानाने चहाला जातो. तेवढ्या वेळात 'सौंदर्य' याचे 'श्रीमतीदर्य' झालेले असते, 'सौजन्य' याचे 'श्रीमतीन्य' झालेले असते, आणि 'सौर ऊर्जा विभाग' हा 'श्रीमती ऊर्जा विभाग' या नावाने कामाला लागलेला असतो. सौराष्ट्राचे जे होते ते तर नीट छापताही येत नाही. त्यातील आधार तुटलेल्या कान्याला टिंबांचे पोकळ वर्तुळ काखोटीला मारून उभे राहावे लागते.

उपाय केवढा? टिंबाच्या आधी एक उलटी तिरकी रेघ: सौ\. एवढे लिहिले की टिंबाचा विशेष अधिकार जातो आणि ते निमूट टिंब होते. कंसांचेही असेच आहे. अधिकाऱ्यांच्या यादीतून '(निवृत्त)' हा शेरा काढावयाचा आणि कंसांपूर्वी रेघ दिली नाही, तर सूत्र कंसांना नुसते गटाचे कुंपण समजते. आतला शब्द पुसला जातो आणि रिकामे कंस तसेच राहतात. म्हणजे तो गृहस्थ निवृत्तही राहत नाही आणि सेवेतही परतत नाही. त्याच्या नावापुढे दोन कंसांत बंदिस्त केलेली पोकळी तेवढी उरते. बदलीच्या बाजूलाही असेच मानकरी असतात. सेडसारख्या जुन्या साधनात बदलीच्या मजकुरातील '&' याचा अर्थ 'जे सापडले ते सारे पुन्हा येथे घाला' असा होतो; मग 'आणि मंडळी' याच्या जागी '& मंडळी' लिहू जाणाऱ्यास 'आणि मंडळी मंडळी' असे दुहेरी गोत्र मिळते. तक्त्यांसाठी आपण जे एक्सेल वापरतो, त्याच्या 'शोधा आणि बदला' या आज्ञेत पूर्ण शोधसूत्र चालत नसले तरी प्रश्नचिन्ह आणि तारा यांना विशेष अर्थ आहेच. चुकीच्या पद्धतीने जतन केलेल्या मराठी मजकुराची प्रश्नचिन्हे झाली, आणि ती पुसून टाकावी म्हणून कोणी '?' शोधून रिकामे बदलले, तर सारा तक्ता कोरा होतो; कारण तेथे '?' म्हणजे कोणतेही एक चिन्ह. त्यापूर्वी '~' द्यावे लागते. अर्थात, प्रश्नचिन्ह होऊन गेलेले अक्षर ~ दिल्यानेही परत येत नाही, हे वेगळे.

येथवरच्या चुका अज्ञानाच्या आहेत. त्या कोणत्याही भाषेत होतात, आणि एकदा हात पोळला की माणूस शिकतो. आमचा खरा वाद पुढे आहे. तेथे आज्ञा अचूक लिहिलेली असते, लिहिणारा जाणता असतो, आणि तरीही मराठी मजकुराची दाणादाण उडते.

शोधसूत्रात 'शब्दातील वर्ण' दाखविण्यासाठी एक संकेत आहे: उलटी तिरकी रेघ आणि तिच्यापुढे इंग्रजी डब्ल्यू. मूळ संकेतात त्याचा अर्थ इंग्रजी मोठी व लहान ५२ अक्षरे, १० अंक आणि एक अधोरेषा, अशी एकंदर ६३ चिन्हे. जगातील शब्द एवढ्यांतूनच घडतात, असे गृहीत धरणाऱ्यांनी तो ठरविला. जावास्क्रिप्ट या भाषेत तो आजही तसाच आहे. तेथे 'शब्दातील वर्ण आणि रिकामी जागा सोडून बाकी सारे पुसा' अशी आज्ञा 'मराठी भाषा' या दोन शब्दांना दिली, तर शिल्लक राहते ती दोन शब्दांमधली रिकामी जागा. पायथन या आजच्या लोकप्रिय भाषेत सुधारणा झाली. तिने जगातील लिप्यांची अक्षरे व अंक आत घेतले. परंतु काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग आणि हलन्त यांना तिच्या मूळच्या शोधसंचाने दाराबाहेरच ठेवले. तीच आज्ञा तेथे दिली की 'मराठी भाषा' याचे 'मरठ भष' होते. 'जोशी' 'जश' होतात, 'देशपांडे' 'दशपड' होतात, 'गोडबोले' 'गडबल' होतात, आणि 'स्वातंत्र्य' याचे 'सवततरय' होते. ही आज्ञा काही विरळा नाही. 'विरामचिन्हे काढून मजकूर स्वच्छ करा' असे म्हटले की असंख्य होतकरू तंत्रज्ञांच्या बोटांवर तीच येते, कारण इंग्रजी मजकुरावर ती निर्धोक चालते.

हा दोष लहान नाही. काना हे अक्षरावर चढविलेले आभूषण नव्हे. 'कर' आणि 'कार', 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांत जो भेद आहे तो इंग्रजीतील दोन स्वरांच्या भेदाइतकाच मूलभूत आहे. इंग्रजी मजकुरातून सारे स्वर पुसून टाकणाऱ्या यंत्राला कोणी 'स्वच्छता करणारे' म्हटले असते काय? ते त्याच दिवशी भंगारात गेले असते. आपल्या स्वरांची तीच गत होते, तेव्हा आपल्यालाच सांगण्यात येते की लिपी गुंतागुंतीची आहे.

शब्दाची सीमा ओळखण्याचा जो संकेत आहे, तोही याच गृहीतावर उभा असल्यामुळे तितकाच फसवा ठरतो. समजा, 'कर' या शब्दाच्या जागी 'शुल्क' घालावयाचे आहे. सरसकट बदल केला तर 'लवकर' याचे 'लवशुल्क' होईल आणि आपल्यातील निम्म्या आडनावांची वाट लागेल, म्हणून लेखनिक शहाणपणाने दोन्ही बाजूंस शब्दसीमेची अट घालतो. पायथनच्या मूळ संचात त्या अटीने 'तेंडुलकर' आणि 'गावसकर' बचावतात खरे; परंतु 'नोकर-चाकर' याचे 'नोशुल्क-चाशुल्क' होते, आणि 'आपण हे काम करू' याचे 'आपण हे काम शुल्कू' होते. कारण उघड आहे. ओकाराची खूण किंवा काना ही शब्दाबाहेरची वस्तू ठरविल्यावर तिच्या शेजारी शब्द संपला असेच यंत्र मानणार. आणि समजा, हा दोष दूर झाला, तरी मराठीचा आणखी एक स्वभाव उरतोच. हिंदीत विभक्तीचा प्रत्यय नामापासून सुटा लिहितात. मराठीत तो नामाला बिलगतो, आणि नामाचे सामान्यरूपही करतो. 'कराचा', 'करात', 'करांवर' ही रूपे शब्दसीमेच्या अटीत बसतच नाहीत. हिंदी कागदपत्रांसाठी तयार केलेले सूत्र मराठीला जसेच्या तसे लावणाऱ्याने मराठी व्याकरणाचे पहिले पानही उघडलेले नाही, असे म्हणणे भाग आहे.

आता आपल्या खास मराठी वर्णाकडे वळू. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'दर्या' म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यास बोलवा' म्हटले तर स्वयंपाकी येतो. 'आचार्यास बोलवा' म्हटले तर गुरुजी येतात. हा अर्ध्या ऱ-चा भेद मराठीने जिवापाड जपला आहे. हिंदीत त्याची गरज पडत नाही. संगणकात हा वर्ण दोन रीतींनी साठविला जातो. एका रीतीत र, हलन्त, आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण असते. दुसऱ्या रीतीत युनिकोडमधील ०९३१ क्रमांकाचा स्वतंत्र ऱ आणि हलन्त असतो. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण यंत्राच्या लेखी त्या दोन भिन्न वस्तू आहेत. युनिकोडने त्यांना परस्परांशी समान असेही घोषित केलेले नाही. म्हणून 'वऱ्हाड' एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेले वऱ्हाड सापडत नाही, आणि शोधणारा 'नोंद आढळत नाही' असा शेरा मारून मोकळा होतो.

एवढ्यावर भागते तर बरे होते. अदृश्य चिन्हे मजकुरात नकोत म्हणून ती पुसून टाकण्याचे सूत्र सर्रास वापरतात. त्या झाडूबरोबर आपली जोडखूणही जाते आणि सह्याद्रीच्या दऱ्यांत समुद्र शिरतो. दुसऱ्या रीतीने लिहावे, तर तेथे वेगळा धोका आहे. हिंदी मजकुरात 'ज' आणि 'ज़' यांचा भेद पुष्कळ ठिकाणी पाळला जात नाही. म्हणून सारे एकसारखे व्हावे यासाठी आधी अक्षरांचे घटक सुटे करतात आणि मग नुक्ता पुसतात. ऱ हा वर्ण युनिकोडच्या व्याख्येनुसार र आणि नुक्ता असा सुटा होतो. नुक्ता गेला, की पुन्हा तोच दर्या आणि तेच आचार्य. दोन्ही रस्त्यांवर दबा धरून बसलेला चोर एकच आहे: जे मला अनावश्यक ते कोणालाच आवश्यक नसणार, ही समजूत.

यावर तीन उत्तरे ऐकू येतात. त्या तिन्हींचा समाचार घेतला पाहिजे.

पहिले उत्तर असे की दोष लिपीचा आहे. देवनागरी यंत्राला सोयीची नाही. हा आक्षेप जुना आहे. टंकयंत्राच्या आणि छपाईच्या सोयीसाठी लिपी वाकविण्याचे प्रयत्न पूर्वी थोरामोठ्यांनीही केले. सावरकरांनी अ-च्या बाराखडीचा पुरस्कार केला. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे द्यावी असे सुचविले. ती सूचना लोकांच्या पचनी पडली नाही. गंमत अशी की, भारतीय मानकाचा आधार घेऊन देवनागरीची जी व्यवस्था युनिकोडने १९९१ साली स्वीकारली, तिने हा प्रश्न कागदाला हात न लावता सोडविला. 'कि' लिहिताना यंत्राच्या स्मृतीत आधी क जातो आणि मग वेलांटी. डोळ्यांसमोर मात्र ती परंपरेप्रमाणे डावीकडेच उमटते. म्हणजे लिपीची रचना यंत्राला उत्तम उमगू शकते, हे तीन दशकांहून अधिक काळ सिद्ध झालेले आहे. इतकेच काय, युनिकोडचे शोधसूत्रांविषयीचे जे १८ क्रमांकाचे तांत्रिक मानक आहे, त्यात शब्दातील वर्णांमध्ये स्वरचिन्हांसारख्या खुणा आणि अदृश्य जोडखुणाही धराव्यात असे स्वच्छ सांगितले आहे. पर्ल ही भाषा स्वरचिन्हांना शब्दात स्थान देतेच. नियम आहे, तो पाळून दाखविणारी उदाहरणे आहेत. ज्यांनी पाळला नाही त्यांच्या आळसाचे खापर लिपीच्या माथी का?

दुसरे उत्तर असे की एखादी खूण इकडेतिकडे झाली तरी वाचक अर्थ समजून घेतो. वाचक घेतोही, पण आजच्या दप्तरात पहिला वाचक माणूस नसतो. एका नोंदवहीतील नाव दुसऱ्या नोंदवहीतील नावाशी यंत्र ताडून पाहते. 'गोऱ्हे' आणि 'गोर्हे' ही यंत्राच्या दृष्टीने दोन माणसे आहेत. एकाच्या नावावर सेवा झालेली आणि दुसऱ्याच्या नावावर निवृत्तिवेतन, असा प्रसंग उभा राहिला की मग त्या गृहस्थाने आपण आपणच आहोत याचे प्रतिज्ञापत्र करून द्यावयाचे. समजून घेण्याची जबाबदारी अशी नेहमी दुबळ्या पक्षावरच येऊन पडते.

तिसरे उत्तर सर्वांत घातक आहे, कारण ते आपल्याच तोंडून निघते: 'हे तंत्रज्ञांचे काम, आम्हा अधिकाऱ्यांना त्यात काय कळते?' तंत्रज्ञाला सूत्र कळते, पण मराठी कळतेच असे नाही. आपल्याला मराठी कळते, पण सूत्राकडे आपण पाहत नाही. या दोघांच्या मधल्या निर्मनुष्य पट्ट्यात मजकूर मरतो, आणि त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर सही मात्र आपली असते. दिल्लीत, भोपाळात, बंगळुरात वा बडोद्यात एखाद्या कार्यालयात बसलेल्या मराठी अधिकाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की त्या दालनात दऱ्या आणि दर्या यांतला फरक जाणणारा पुष्कळदा तो एकटाच असतो. तो बोलला नाही, तर दुसरे कोणी बोलणार नाही.

बोलावयाचे म्हणजे काय करावयाचे? आमच्या मागण्या अवघड नाहीत. 'काय ठेवायचे' याची यादी देऊन उरलेले सारे पुसणारे सूत्र मराठी मजकुरावर चालवू देऊ नये. काय पुसायचे त्याची नावनिशीवार यादी द्यावी. स्वल्पविराम काढावयाचा असेल तर स्वल्पविराम म्हणावे, 'अक्षर नसलेले सर्व' म्हणू नये. जेथे शब्दातील वर्ण सांगणे अपरिहार्य असेल, तेथे अक्षरांबरोबर खुणांचा वर्गही स्पष्टपणे लिहावा. जावास्क्रिप्टमध्ये २०१८ सालापासून तशी सोय आहे, आणि पायथनला जोडता येणाऱ्या वेगळ्या शोधसंचातही आहे. अदृश्य चिन्हे झाडण्यापूर्वी र, हलन्त व जोडखूण या त्रिकुटाच्या जागी ऱ व हलन्त घालून घ्यावे. मग झाडूची भीती राहत नाही आणि शोधही एकाच रीतीने होतो. नुक्ता पुसणाऱ्या सूत्रातून ऱ स्पष्टपणे वगळावा. विशेष चिन्हांपूर्वी उलटी तिरकी रेघ आहे की नाही, हे कळ दाबण्यापूर्वी पाहावे. मूळ प्रत राखून ठेवल्यावाचून एकही बदल करू नये. आणि प्रत्येक सूत्र आधी दहा शब्दांवर चालवून पाहावे: दऱ्या, वऱ्हाड, आचाऱ्यास, सौंदर्य, सौर, नोकर, करू, दुःख, स्वातंत्र्य, मराठी. हे दहा शब्द ज्या सूत्रातून सुखरूप बाहेर पडतात ते पुष्कळसे विश्वासार्ह समजावे. या परीक्षेला पाच मिनिटेही लागत नाहीत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्या वेळी आपण पेढे वाटले, भाषणे केली. ते योग्यच झाले. परंतु दर्जा हा शासननिर्णयात जितका असतो तितकाच रोजच्या दप्तरात असतो. अभिजात भाषेचे नाव जर तिच्याच कागदपत्रांत 'मरठ' म्हणून नोंदले जाणार असेल, तर त्या मानपत्राची घडी करून पेटीत ठेवण्यापलीकडे उपयोग नाही. आपल्या पुढ्यात येणाऱ्या पुढच्या यादीवर सही करण्यापूर्वी तीत एखादा ऱ शोधून पाहा. तो जागेवर नसेल, तर यादी परत पाठवा, आणि परत पाठविण्याचे कारण समासात स्वच्छ मराठीत, काना-मात्रेसह, लिहा.